नऊ वेळा चौदा

“ही टिकली आमच्या बांधावर हाय, बाय. आत नाय,” आवडाबाई म्हणाली तेव्हा मी तिला एवढंच म्हणाले, “आवडाबाई, तेलाचा हात नकाशाला लावू नका.” तिचं बोलणं आणि माझं बोलणं यांच्यामध्ये एखादा क्षण गेला असेल. त्या क्षणात मी काय केलं हे आज चार वर्षांनी आठवून पाहते आहे. मी त्या टिकलीकडे पाहिलं होतं का? की फक्त तिच्या बोटाकडे, त्या काळ्या, खोबरेल तेलानं चकाकणाऱ्या बोटाकडे, आणि कागदावर डाग पडेल या भीतीनं? मला वाटतं बोटाकडेच. डाग पडला नाही. कागद स्वच्छच राहिला, आणि त्या स्वच्छ कागदावरून मी जे उतरवलं ते अजून कुठंतरी तसंच आहे.

तेव्हा आम्ही अलिबागला होतो. काशी दोन महिन्यांची होती. आवडाबाई रोज सकाळच्या एस. टी. नं खाडीकाठच्या माणखार गावाहून यायची, न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायची, काशीला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल लावायची. मी दारात उभी. पाणी कढत नाही ना, कानात जात नाही ना, मान नीट धरली आहे ना. “तू बस की खाली जरा,” ती म्हणायची, “पोर माझ्या पायावर हाय, वाऱ्यावर नाय.” पण मला बसता यायचं नाही. मी भूगोल घेऊन बी. ए. झाले होते, लग्नाआधी एक वर्ष शाळेत शिकवलंही होतं, पण हे एवढंसं अंग धरायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मग काशी झोपली की मी टेबलापाशी जायची. टेबलावर नकाशा टाचण्यांनी ताणून बसवलेला असे. तेवढ्या वेळात मी जाणती व्हायची, माझा हात थरथरायचा नाही.

काम माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी मिळवून दिलं होतं. ते मुंबईच्या एका कचेरीत गेले होते आणि तिथं जुन्या नकाशांवरची जमीन आकड्यांत उतरवायचं ठरलं होतं. गणकयंत्राला चित्र कळत नाही, त्यांनी पत्रात लिहिलं होतं, आकडेच कळतात. म्हणून नकाशावर पाव-पाव इंचाचे चौकोन आखलेलं पारदर्शक कापड पसरायचं, आणि चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याशी जमीन समुद्रापासून किती फूट उंच आहे ते छापील तक्त्यात भरायचं. तक्ते मुंबईला गेले की तिथं त्यांची भोकं पाडलेली कार्डं होणार, आणि ती कार्डं खाऊन यंत्राच्या पोटात डोंगर आणि दऱ्या तयार होणार. मला त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! डोंगरावर हे काम सोपं असतं. समान उंचीच्या तांबूस रेषा एकमेकींना खेटून असतात, कोपरा दोन रेषांच्या मधे आला तर अंदाजानं मधला आकडा घ्यायचा. पण खाडीकडे आलं की रेषा संपतात. पहिलीच रेषा पन्नास फुटांची, आणि तिच्या खाली मैलच्या मैल पांढरा कागद. निळी खाडी, तिच्या कडेनं कंगव्याच्या दातांसारखी बांधाची खूण, आणि माणखारच्या नावाशेजारी एक टिकली, टिकलीजवळ उंचीचा आकडा, चौदा.

सूचनापत्रात लिहिलं होतं, रेषा नसेल तेथे जवळच्या बिंदूची उंची धरावी. माणखारची शेतं आणि घरं मिळून माझ्या चौकोनांचे नऊ कोपरे होते. मी चौदा लिहिलं. नऊ वेळा. नियमाप्रमाणे.

आवडाबाईनं तेव्हा मला आणखीही सांगितलं होतं. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. तिचा सासरा मोजणीवाल्या साहेबाची छत्री धरून हिंडला होता. “सायबानं बूट काढलं नाय. आत चिखल व्हता ना! बांधावर काठी रोवली, दुर्बिणीतनं बगितलं, वहीत लिवलं, गेला. सासरा बोलला, सायेब, आमचं घर खाली हाय. तर सायेब बोलला, दिसतंय मला.” ती खूप हसली. तिला हसताना पाहून मीही हसले. मग काशी उठली आणि मी टाचण्या काढून नकाशा गुंडाळून ठेवला. समुद्राच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीला इथं खार म्हणतात, तिच्याभोवती मातीचा बांध असतो, आणि बांधाच्या आत जमीन भरतीच्या पाण्याहून खाली असते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं. पाच गुणांना.

काशी चार महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. मी तापमापक लावला, ताप नव्हता. दवाखान्यातल्या काट्यावर वजन केलं, आदल्या आठवड्यापेक्षा थोडंसंच कमी. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि ह्यांना म्हणाले, ठीक आहे. सकाळी आवडाबाई आली, तेलाचं बोट काशीच्या टाळूवर ठेवलं आणि तिचा चेहरा बदलला. “टाळू बसली हिची.” मी म्हणाले, ताप नाही. ती म्हणाली, “ताप गेला उडत. हात ठेव इथं.” माझा हात धरून तिनं तिथं ठेवला. कवटीच्या मधे, जिथं रोज काहीतरी उडत असायचं, तिथं खळगा होता. माझ्या बोटाचं पेर त्यात उतरत होतं. आम्ही तशाच, न्हाणीतल्या ओल्या पायांनी, डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असता तर अवघड होतं. त्यानंतर कितीतरी महिने मी झोपलेल्या काशीच्या टाळूवर बोट ठेवून बसत असे. किती खोल? कालपेक्षा खोल? त्याच टेबलावर माझे भरलेले तक्ते मुंबईला जायची वाट बघत पडलेले होते, आणि एका खळग्यानं मला दुसऱ्या खळग्याची आठवण करून दिली नाही. का नाही दिली? मी एवढी जपणारी बाई. सगळ्या गोष्टींवर नजर ठेवणारी.

मग ह्यांची, म्हणजे दत्तात्रेयांची, मुरुडला बदली झाली. ते कचेरीत कारकून. आम्ही समुद्राकडच्या एका वाडीत वरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली नारळ सोलायचा आवाज, पलीकडच्या मोहल्ल्यातली अजान, मासळी सुकत घातल्याचा वास. काशी चालायला लागली, बोलायला लागली. आवडाबाई मागे राहिली. मुरुडचा कंडक्टर नामा अलिबागहून माणखारच्या फाट्यावरून जाणाऱ्या गाडीवर होता, आठवड्यानं घरी यायचा, त्याच्याबरोबर मी कधी काशीला लहान झालेलं झबलं तिच्या नातवाला पाठवायची, तिच्याकडून कधी तांदळाच्या पापड्या यायच्या. गेल्या वर्षी ज्येष्ठात हे कचेरीतून एक कागद घेऊन आले. दरवर्षी पावसाआधी उधाणाची यादी निघते. अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला कोणत्या गावांना धोका आहे, कुठं बांधाला दगड द्यायचे, कुठं राखणदार बसवायचा, कुणाला शाळेत हलवायचं. आजवर ती तलाठ्यांना विचारून व्हायची. “या वर्षीपासून मुंबईहून तयार येते,” हे कौतुकानं म्हणाले, “यंत्रानं काढलेली आहे. दहा फुटांच्या खालची सगळी गावं. तुझंही काम असेल यात!” मी कागद हातात घेतला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. मी माणखार शोधलं. नव्हतं. मला बरं वाटलं. आवडाबाईचं गाव सुरक्षित आहे, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काशीला भरवत होते. वरण जरा पातळ झालं होतं. तिनं भातात खळगा केला, त्यात वरण साठलं, मग भाताचं एक शीत उचलून ताटाच्या काठावर चिकटवलं आणि म्हणाली, “आई, बघ, हा बुडत नाही.” पांढरं शीत काठावर, कोरडं. खाली वरण. “हा बुडत नाही, हे बुडाले,” ती म्हणाली आणि भात दाखवला. माझ्या हातातला घास तसाच राहिला. काठावरचं ते शीत मी ओळखलं. ते मी पूर्वी पाहिलेलं होतं, त्याच्याशेजारी चौदा लिहिलेलं होतं, आणि एक तेलकट बोट त्याच्यापासून केसभर वर थांबलेलं होतं. बांधावर हाय, बाय. आत नाय. काशी म्हणाली, “आई, घास!” मी घास दिला. पुन्हा दिला. सगळा भात संपेपर्यंत मी त्या शितावरून नजर काढू शकले नाही, आणि शेवटी तेही तिनं खाऊन टाकलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते शांत माणूस आहेत, शर्टाची बटणं काढत ऐकत होते. “तुझे तक्ते तपासले असतील ना?” तपासले असतील. तक्त्यातला आकडा नकाशाशी जुळतो का, एवढंच तपासतात. जमिनीशी कोण जुळवणार? “तलाठ्याला ठाऊक आहेच की.” तलाठ्याला विचारणं आता बंद झालंय ना, मी म्हणाले, तुम्हीच सांगितलंत. ते शर्ट खुंटीला अडकवायला वळले. मी मुंबईला पत्र लिहिलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा. माझ्याकडून चूक झाली आहे, बांधाची उंची मी गावाला लावली आहे, कृपया नऊ आकडे खोडावे. प्राध्यापक तोवर दुसरीकडे गेले होते. उत्तर दिवाळीनंतर आलं, टाइप केलेलं: ‘आपण भरलेले आकडे मूळ नकाशाशी ताडून पाहिले असता बरोबर आढळले. चुकीची शंका निराधार आहे.’ ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता तरी सुटलीस. पण मला त्या कागदाची जेवढी भीती वाटली तेवढी चुकीची वाटली नव्हती. चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती. ही तर बरोबर होती.

त्या पावसाळ्यात बांध टिकला. मार्गशीर्षात मी काशीला कडेवर घेऊन गेले. साळावपर्यंत गाडी, होडीनं रेवदंडा, तिथून अलिबाग, तिथून फाट्यापर्यंत दुसरी गाडी. फाट्यावरून बांधावरची पायवाट. इतकी वर्षं तो बांध मी कागदावर पाहिला होता. प्रत्यक्षात तो दोन माणसं शेजारून जातील एवढाच रुंद, वर खेकड्यांची भोकं, कडेला मिठानं पांढरी पडलेली माती. एका बाजूला ओहोटीची खाडी. दुसऱ्या बाजूला कापलेलं भात, आणि घरं. घरांची कौलं माझ्या चपलांच्या पातळीत होती. मी कौलांकडे वरून पाहत होते. एका कौलावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मला त्या मोजता आल्या असत्या.

“कोन ते? काशीची आय? अगं खाली ये ना!” आवडाबाई अंगणात उभी होती, डोळ्यांवर हात धरून. “वरनं काय बगतेस सायबावानी?”

ती गमतीनंच म्हणाली. मी पायऱ्यांकडे पाहिलं. मातीत खणलेल्या, ओल्या, शेवाळलेल्या. कडेवर काशी, हातात पिशवी. पाय घसरला तर? मी म्हणाले, बस चुकेल हो माझी. आणि मी उतरले नाही. इतक्या लांब गेले, तीन गाड्या आणि एक होडी करून, आणि जिथं साहेबानं काठी रोवली होती तिथंच उभी राहिले. शेवटी तीच वर आली, गुडघ्यांवर हात ठेवत. आधी काशीच्या डोक्यावरून हात फिरवला. “भरली टाळू. दगड झालाय!” मग मी सांगायला लागले. तुम्ही बरोबर होतात, आवडाबाई. “कशाचं?” ती विसरून गेली होती. मी टिकली सांगितली, चौदा सांगितलं, यादी सांगितली. तिनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. “म्हंजे कागदानं आमाला उचलून बांधावर ठेवलं म्हन की! बरं झालं, पाय तरी कोरडं रहातील.” मग हसू थांबवून म्हणाली, “म्हनूनच या साली दगड आलं नाय. गुणाजी दोनदा कचेरीत जाऊन आला.” गुणाजी तिचा नवरा. पूर्वी बांधाला खांड पडली की हाक जायची आणि घरटी एक माणूस माती घेऊन धावायचा. आता जाणती माणसं मुंबईला गिरणीत, गावात म्हातारी आणि बाया. गुणाजीला दम लागतो. “मग तू खोड ना ते,” ती म्हणाली. मी म्हणाले, खोडता येत नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, रागानं नव्हे, न समजून. “तूच लिवलंस ना?”

मी काशीला दुसऱ्या कडेवर घेतलं. निघताना ती म्हणाली, “माझ्या लग्नाआधी बांध फुटला व्हता, त्या पान्याची खूण दाराच्या चौकटीवर हाय. सासऱ्यानं पुसू दिली नाय. ये, दाखवते.” पुढच्या वेळी, मी म्हणाले.

आता भाद्रपद आहे. मला सातवा महिना लागला आहे. डॉक्टरांनी होडी आणि गाडी बंद केली आहे. यंदाच्या यादीतही माणखार नव्हतं. कसं असणार? गेल्या अमावास्येला भरदुपारी इतकं मोठं उधाण आलं की मुरुडला रस्त्यावर पाणी चढलं, खालच्या वाडीत नारळाची रोपं उलटी तरंगत होती, आणि काशी खिडकीत टाळ्या पिटत होती. मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून उभी होते. पाणी बघत नव्हते. मी घड्याळ बघत होते: इथं एवढं, तर तिथं खाडीत अजून पाऊण तासानं. बांधातल्या उघाडीचं लाकडी दार, भरतीबरोबर आपोआप बंद होणारं, बंद झालं असेल का? दगड नसलेल्या जागी माती किती वेळ धरेल? पोटातलं बाळ त्या दिवशी फार हललं, नाहीतर मुळीच हललं नाही, मला आता आठवत नाही, आणि हे आठवत नाही याचीच भीती वाटते. पाणी ओसरलं. मी नामाच्या हाती निरोप पाठवला.

नामा आठ दिवसांनी जिन्याच्या खाली येऊन उभा राहिला, टोपी हातात. “बाई, त्या गावचं कोणी फाट्यावर चढलंच नाही हो आठ दिवसांत. उतरणारंही कोणी नाही.” गाव दिसत नाही का रस्त्यावरून? “बांध दिसतो. पाऊस होता. मी पायरीवर उभं राहून बघितलं, पण गाडी सोडून खाली कसा जाऊ?” नाही जाता येत, मी म्हणाले. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. जेवताना ह्यांना विचारलं. ते म्हणाले, “काही झालं असतं तर कचेरीत तार आली असती. उधाणानंतर प्रत्येक गावाची खुशाली येते.” प्रत्येक? “यादीतल्या…” ते म्हणाले, आणि त्यांचा हात भातात थांबला. मग म्हणाले, मी उद्या अलिबागला लिहितो. त्यांनी लिहिलं आहे. खरंच लिहिलं आहे. उत्तर कुठून येतं आणि कसं येतं हे मला माहीत आहे. नकाशाशी ताडून पाहिलं असता.

म्हणून मी हे लिहिलं. छापून येईल तोवर दोन-तीन पुनवा होऊन जातील, पण उधाण एकदाच येतं असं नाही. तुमच्यापैकी कुणी अलिबागकडे जात असेल, तर माणखारच्या फाट्यावर उतरा. दहा-बारा मिनिटं चालल्यावर बांध लागेल. बांधावरून गाव छान दिसतं, तिथून सगळं ठीकच वाटतं. तिथून परत फिरू नका. चपला हातात घ्या आणि खाली उतरा. पायऱ्यांपासून तिसरं घर, दारात जास्वंद. आवडाबाई म्हणून हाक मारा. ती असेल तर तुम्हाला शिव्या घालील, पाय धुवायला पाणी देईल. तिला म्हणावं, काशीच्या आईला मार्गशीर्षात दुसरं होणार आहे आणि टाळूवर हात ठेवायला तिच्याजवळ कुणी नाही. आणि हाकेला कुणी आलं नाही, तर दाराच्या चौकटीशी उभे राहा. तिथं एक जुनी खूण आहे. तिथवर ओल चढली आहे का, ते हात लावून पाहा. मला फूट नकोत, इंच नकोत. ती ओल तुमच्या अंगावर कुठवर येते, तेवढंच मला कळवा.